पहिल्या खोलीची घंटा

१४ जून

ताई,

नमस्कार. पत्राच्या वरच्या बाजूला काय काय लिहायचं असतं ते सातवीतल्या बाईंनी शिकवलं होतं, पण शाळा सोडली तेव्हा तेही तिथंच सोडून आलो. त्यामुळं नुसत्या नमस्कारावर भागव. तू म्हणाली होतीस, फोनला रेंज नाही तर पत्र लिही, अक्षर तरी सुधारेल. सुधारलं असेल तर कळव. नसेल तर गप्प बस.

तू मला चिकटवून दिलेली नोकरी अजून सोडलेली नाही. आईला हे आवर्जून सांग. म्हणावं, तुझ्या पोराच्या पायातली भिंगरी थंडीनं गोठली.

शीतगृह म्हणजे काय ते तुला ठाऊकच आहे, तरी मी बघितलं तसं सांगतो. एक लांबलचक बोळ. दोन्ही बाजूंना खोल्या, दारं गादीएवढी जाड, दारांवर पांढऱ्या रंगात आकडे. आत मटार, मासळी, सगळं दगड झालेलं. कोट घालून आत जायचं, पेट्या गाडीवर चढवायच्या, बाहेर यायचं, भुवयांवरचा बर्फ झटकायचा. बोळाच्या तोंडाशी पॅनेल. तिथं काका बसतात. वयानं आपल्या आजोबांच्या बरोबरीचे असतील, पण सगळे काकाच म्हणतात. पॅनेलमध्ये तुमच्या ऑफिसचा डबा आहे, खोल्यांचं तापमान दाखवणारा. मी ऐटीत सांगितलं, ह्याच्या आतलं माझ्या आतेबहिणीनं लिहिलंय. काका म्हणाले, "आत कशाला लिहिलं? बाहेर लिहिलं असतं तर आम्हाला वाचता तरी आलं असतं."

आता मुद्द्याचं. प्रत्येक खोलीत आतल्या बाजूला एक लाल बटण आहे. कुणी चुकून आत राहिलं, दार लागलं, तर दाबायचं. दाबलं की डब्याला कळतं, पॅनेलवर त्या खोलीचा हिरवा दिवा लाल होतो आणि तिच्या दारावरची घंटा वाजते. पितळेची घंटा, वाटीएवढी, आत बारकी हातोडी.

ताई, पहिल्या खोलीची घंटा आपोआप वाजते.

मी आलो त्याच्या आधी थोडे दिवस हे सुरू झालं. पहिल्यांदा वाजली तेव्हा सगळे धावले. दार उघडलं. आत कुणी नाही. मला वाटलं नव्या गड्याची टिंगल चाललीय. परवा ती वाजत असताना मीच दार उघडलं. वाफ खाली बसेपर्यंत थांबलो. फरशीवर पिठासारखं हिम बसतं, त्यावर एक पाऊल नव्हतं. बटणावरही हिम होतं, अख्खं, कुणी फुंकरसुद्धा मारलेली नाही. आणि माझ्या डोक्यावर घंटा वाजतच होती.

मिस्त्रीनं घंटा बदलली. नवी लावली. नवीही वाजते. तो म्हणतो घंटेत दोष नाही, कुणीतरी वाजवतंय.

आता कुणी धावत नाही. वाजली की काका नुसते मान वर करतात. मला त्याचीच भीती वाटते. उद्या खरंच कुणी आत राहिलं आणि बटण दाबलं, तर बाहेरचे म्हणतील, वाजतेच ती.

तुझा डबा आहे. तूच बघ. नाहीतर मी चाललो दुसरीकडं.

भिंगऱ्या


२५ जून

भिंगऱ्यास,

आशीर्वाद. अक्षराबद्दल तू सांगितलंस तसं गप्प बसते.

नोकरी सोडायचं नाव काढू नकोस. गॅरेज सोडलंस, छापखाना सोडलास, त्या बोटीवर तर आठवडाभरही टिकला नाहीस. इथं मी शब्द टाकला आहे. आणि त्याहून मोठं म्हणजे, तू जे शेवटी लिहिलंस ते बरोबर आहे. खोटी वाजणारी घंटा मुक्या घंटेहून वाईट. तेव्हा भुताला मी बघते, तू माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. धांदरटपणा न करता.

घंटा कधी वाजते? सारखी की थांबून थांबून? दुसऱ्या कुठल्या खोलीची कधी वाजली आहे का? डबा कधी बंद पडून पुन्हा सुरू होतो का? आणि तुमच्याकडे खोल्या नेमक्या किती? माझ्याकडच्या जुन्या नकाशात आठ आहेत. मोजून सांग.

काकांना म्हणावं, बाहेर लिहायला जागा नव्हती. हा प्रोग्रॅम डब्याच्या गाभ्यात चालतो. वायर आणि डबा यांच्यातला दुभाष्या म्हण. आम्ही त्याला ड्रायव्हर म्हणतो.

मामीला निरोप दिला. ती म्हणाली, "गोठली असेल तर चांगलंच आहे, कोमट पाणी कुणी घालू नका."

ताई


६ जुलै

ताई,

ड्रायव्हर म्हटल्यावर आमचा गाडीवाला खूश झाला. म्हणाला, म्हणजे आपल्यातलेच.

उत्तरं लिहितो. घंटा सारखी वाजत नाही. सकाळी एखाद वेळा, जेवणं झाल्यावर हमखास, मोठा ट्रक आला की दोनतीनदा. थोडी वाजते, दमते, परत वाजते. दुसरी कुठलीच घंटा आजवर वाजलेली नाही. फक्त पहिलीची. डबा बंद पडत नाही.

खोल्या आठ. काकांना विचारून लिहितोय. काका म्हणाले, आठच. आठच सांगायच्या.

तू भूत म्हणालीस म्हणून सांगतो, इथं त्याला नाव आहे. शिट्ट्या. काका तरुण होते तेव्हा एक गडी होता, पहिली खोली त्याच्याकडं. सतत शिट्टी वाजवायचा. दार जाड असलं तरी शिट्टी बाहेर यायची, त्यावरून कळायचं गडी आत आहे. एक दिवस सुट्टीच्या आधी सगळ्यांनी भराभरा दारं लावली. त्या दिवशी शिट्ट्याचा घसा बसला होता. शिट्टी नाही म्हणजे आत नाही, असं धरून दार लावलं. तेव्हा आत बटणं नव्हती. ती त्याच्यानंतर लागली.

दार कुणी लावलं ते काकांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तेव्हापासून इथं पद्धत आहे. दार लावायच्या आधी आत तोंड करून ओरडायचं, "आहे का कुणी?" आणि मग एक श्वास थांबायचं. ढोल्या म्हणून एक जण आहे, तो मस्करीत आतून "आहे!" म्हणतो. काकांनी त्याला एकदा ह्यावरून कानफटवला होता. सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्या बाप्याला.

काल घंटा वाजली तेव्हा काका पहिलीच्या दाराशी जाऊन म्हणाले, "कळलं रे, कळलं." जसं एखाद्या कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणावं. मग लगेच बोळात आत निघून गेले, कुठं ते कळलं नाही.

लवकर काहीतरी कर.

भिंगऱ्या


२८ जुलै

भिंगऱ्या,

भूत सापडलं. मीच घातलेलं होतं.

नीट वाच. तू पेट्या मांडणीवर लावतोस ना, तसंच आहे. खोल्यांचं तापमान ठेवायला मी डब्याच्या आठवणीत आठ खणांची एक रांग केली. तिला अगदी लागून दुसरी आठ खणांची रांग, घंटांची. त्यात फक्त वाजव किंवा नको वाजवू. खोलीतल्या सेन्सरकडून निरोप येतो, अमुक नंबरची खोली, तमुक तापमान. माझा प्रोग्रॅम नंबर बघतो आणि त्या खणात आकडा ठेवतो. हा निरोप सारखा येत नाही, तापमान हललं तरच येतो.

आता समज, नऊ नंबर आला. नववा खण नाहीच. तू असतास तर म्हणाला असतास, अहो ताई, मांडणी संपली. माझा प्रोग्रॅम तसं म्हणत नाही. तो आठ खण ओलांडून पुढं हात घालतो. तिथं शेजारची रांग सुरू होते. तिचा पहिला खण कुठला? पहिल्या खोलीची घंटा. मासळीचं तापमान जाऊन पडतं घंटेच्या खणात, आणि घंटा समजते, वाजव. थोडी वाजली की खण आपोआप पुसला जातो, म्हणून ती दमते.

बाहेरच्या साध्या प्रोग्रॅमनं अशी हद्द ओलांडली असती तर यंत्रानं त्याला तिथंच थांबवलं असतं. पण हा गाभ्यातला. गाभ्यातल्याला सहसा कुणी अडवत नाही. तो शेजाऱ्याच्या घरात शिरतो, सामान हलवतो, बाहेर येतो, आणि वरून सगळं ठीक दिसतं.

मी टेबलावर तसलाच डबा ठेवून मुद्दाम नऊ नंबर पाठवला. पहिलीचा दिवा लाल झाला. ऑफिसात मी एकटीच होते, आणि खरं सांगू, क्षणभर मागं वळून बघितलं.

राहता राहिलं, खोल्या आठ असताना नऊ येतो कुठून? तुमच्या वायरी जुन्या, ओल्या. त्यांच्यातल्या खरखरीनं नंबर बिघडून येत असणार. तेव्हा मी दाराशी पहारेकरी बसवला आहे. आठच्या वरचा कुठलाही नंबर आला की तो कचरा, गुपचूप फेकून द्यायचा. एका ओळीची दुरुस्ती.

पाकिटात पेनड्राईव्ह आहे. डब्याच्या खालच्या फटीत घाल, काकांना डबा एकदा बंद करून चालू करायला सांग, हिरवा दिवा स्थिर झाला की काढून घे. घंटांची परीक्षा कर, प्रत्येक खोलीत जाऊन बटण दाब. आठही वाजल्या पाहिजेत. मग मला लिही.

ताई


१२ ऑगस्ट

ताई,

मानलं तुला. आठही खोल्यांत जाऊन बटणं दाबली, आठही घंटा वाजल्या. आणि त्यानंतर पहिलीची आपणहून एकदाही नाही. ट्रक येतात, जातात, बोळ गप्प.

साहेब स्वतः खाली आले, पॅनेलसमोर उभे राहिले. म्हणाले, झालं ना आता, त्या भुताच्या नावाखाली जोडीजोडीनं फिरणं बंद करा. एका कामाला दोन माणसं परवडत नाहीत. ढोल्या म्हणाला, "साहेब, मी एकटाच दोन माणसांएवढा आहे." खूप हसलो सगळे. मीही एकट्यानं काम घेतलं. भीती कशाची आता.

काकांना मात्र करमत नाही. जेवणं झाली की घंटेची वेळ व्हायची ना, तेव्हा ते अजून मान वर करतात. वाट बघतात. मग आपलेच हात बघत बसतात. मी म्हटलं, काका, आता कशाला? तर म्हणाले, "पोरा, रोज हाक मारणारं माणूस गप्प झालं तर तू निजशील का?" त्यांचं ऐकून माझ्याही मनात काहीतरी हललं. खरं सांगतो ताई, ती वाजायची तेव्हा बोळात आपण एकटे नाही असं वाटायचं. आता एकटे आहोत असं वाटतं, आणि तेच जास्त भीतीचं आहे. असू दे. रिकामं डोकं.

मिस्त्रीनं काढलेली पहिलीची जुनी घंटा अडगळीत पडली होती. घासून पुसून तुला पाठवतोय. वायर कापलेली आहे. ठेव टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून. लोकांना सांग, मी धरलेलं भूत.

आईला सांग, पोरगं सुखात आहे. टेबलाशी बसून काम करतं, असं सांगितलंस तरी चालेल.

भिंगऱ्या


९ सप्टेंबर

भिंगऱ्या,

हे पत्र दवाखान्यात तुझ्या उशाशी कुणीतरी वाचून दाखवेल. बोटांची काळजी करू नकोस, डॉक्टर म्हणाले दोन शेंड्यांवर निभावलं.

मला तुझ्यावर ओरडायचं आहे, पण ते तू बरा झाल्यावर. आत्ता एकच. काका फोनवर म्हणाले, मागच्या खोलीत सापडला. मागची कुठली? मी मोजून सांग म्हटलं होतं. आठ म्हणालास. हात लावून मोजल्यास की काकांना विचारून लिहून मोकळा झालास?

मी फोन का केला म्हणशील, तर सहज. मामीचा काहीतरी निरोप होता. गेटवरच्या ऑफिसातल्या लँडलाइनवर लावला आणि म्हटलं भिंगऱ्याला बोलवा. तू कुठंच सापडेनास म्हणून तिथले सगळे शोधायला निघाले, एवढंच.

मामीला अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

ताई


२२ सप्टेंबर

ताई,

पट्ट्यांत पेन्सिल अडकवून लिहितोय. अक्षर सुधारलेलं नाही, हे मीच सांगून टाकतो.

ओरड. मी खोटं बोललो, पण तसं खोटंही नाही. मागची आहे. बोळाच्या टोकाला वळण घेऊन, पत्र्याच्या आडभिंतीच्या मागं. तिच्यावर आकडा नाही. शिट्ट्या तिच्यातच गेला, कामावर पहिलीचा पण त्या दिवशी मागचीत मदतीला. तेव्हापासून ती बंद होती आणि जुनी माणसं तिला खोल्यांत धरत नाहीत. मोजायची नाही, असंच आहे. यंदा माल फार आला म्हणून साहेबांनी उघडली, मिस्त्रीनं सेन्सर आणि बटण बसवलं, वायर तुझ्या डब्यात रिकाम्या जागी खोचली. मी आलो त्याच्या थोडं आधी. आणि मला पहिल्यापासून तिथंच लावलं होतं, ढोल्याबरोबर. तुला लिहिलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस आणि आईनं मला दुसऱ्या दिवशी घरी आणलं असतं. म्हणून काकांनी आठ सांगितलं तेव्हा मलाही सोयीचं झालं.

त्या दुपारी ट्रक उतरवायला सगळे पुढं होते. मी एकटा मागचीत. दार मागं आपोआप लागलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पेट्या भरल्या, आतली दांडी ढकलली. हलेना. बर्फानं धरली होती. खांदा लावला, लाथा घातल्या. मग बटण दाबलं. त्यात बारका लाल दिवा लागला आणि मला हसू आलं. म्हटलं, ताईचा डबा, आता काका धावत येतील आणि शिव्या घालतील.

कुणी आलं नाही. परत दाबलं. दिवा लागायचा. किती वेळा दाबलं देव जाणे. आधी पाय गेले, मग बोटं गेली, मग तळहातानं दाबत होतो. बाहेर पॅनेलवर काय दिसत होतं ते काकांनी नंतर सांगितलं. आठ हिरवे दिवे. मी आत मरत होतो आणि बाहेर सगळं हिरवं होतं, ताई.

शेवटी खाली बसलो. झोप यायला लागली, छान वाटायला लागलं. तेव्हा शिट्टी ऐकू आली. पंख्याची असेल. वर पंखा होता. पण पंखा एकसुरी वाजतो, आणि ही थांबून थांबून वाजत होती, घसा बसलेल्या माणसासारखी. मी डोळे उघडे ठेवले ते कुठून येते ते बघायला. तेवढ्यात दार उघडलं, काका होते. त्यांनी मला छातीशी धरलं आणि म्हणाले, "या वेळी आलो रे. या वेळी आलो." माझ्याशी बोलत होते का, मला कळलं नाही.

आता माझा प्रश्न. आई येऊन गेली. मी विचारलं, ताईकडं काय निरोप दिला होतास? म्हणाली, कसला निरोप, त्याआधी महिनाभरात आमची गाठसुद्धा पडली नव्हती.

मग फोन का केलास?

भिंगऱ्या


५ ऑक्टोबर

भिंगऱ्या,

आधी हिशोब माझ्या चुकीचा.

नऊ हा कचरा नव्हता. ती मागची खोली होती. तिचं दार उघडलं की गरम हवा आत जायची, तापमान हलायचं, नऊ नंबरचा निरोप यायचा आणि तो माझ्या चुकीनं पहिलीची घंटा वाजवायचा. म्हणजे कुणीही मागचीत गेलं की बाहेर घंटा. काका "कळलं रे" म्हणून आत कुठं जायचे ते आता मला कळलं. मीच ती घंटा बंद केली. तुझ्या बटणाचा निरोपही नऊ नंबरनंच आला असणार, प्रत्येक वेळी. दाराशी मी बसवलेल्या पहारेकऱ्यानं तो प्रत्येक वेळी फेकून दिला, गुपचूप. मी सांगितलं होतं तसंच.

तू आठ म्हणालास हे खरं. पण वायरीची खरखर असती तर कधी नऊ आला असता, कधी दहा, कधी अकरा. दुसरीची, तिसरीचीही घंटा वाजली असती. फक्त पहिलीची वाजते, हे तू मला दोनदा लिहिलंस. मी वाचलं आणि पुढं गेले. दुरुस्ती जमली याच आनंदात होते.

सोबत नवा पेनड्राईव्ह आहे. आता डबा सुरू होतानाच विचारतो, खोल्या किती जोडल्या आहेत, आणि तेवढेच खण करतो. हद्दीबाहेरचा नंबर आला तर आत घेत नाही, पण फेकतही नाही. पॅनेलवर लाल अक्षरांत ओरडतो, हा कोण? साहेबांना वेगळं पत्र लिहिलं आहे, मागचीत दोघांशिवाय कुणी जायचं नाही, आणि दारावर नऊ घालायचे. आकडा घाल, भिंगऱ्या. तुझ्या हातानं.

आता तुझा प्रश्न.

त्या दुपारी मी टेबलाशी होते. खिडकी बंद, पंखा बंद. तू पाठवलेली घंटा कागदांवर होती. ती वाजली. थोडी वाजली, दमली, परत वाजली. वायरीचं कापलेलं टोक माझ्या डोळ्यांसमोर होतं, कशालाच लागलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "अलार्म बंद कर ना." म्हणजे त्यालाही ऐकू आली.

मी तिच्यावर हात ठेवला. हातोडी हाताखाली हलत होती. आणि तुला सांगते, पहिला विचार काय आला? टेबल हललं असेल. खरखर असेल. फेकून दे. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी फोन उचलला. काय सांगणार होते? म्हटलं, भिंगऱ्याला बोलवा. त्याचा आवाज ऐकला की ठेवीन.

याला काय म्हणायचं मला माहीत नाही. मी ते कुठल्या खणात ठेवू?

घंटा परत पाठवते आहे. पहिलीच्या दारावर, नव्या घंटेच्या शेजारी लाव. वायर जोडू नकोस. लागत नाही.

ताई


२३ ऑक्टोबर

ताई,

परत कामावर आलो. आई म्हणाली घरी चल, मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा एखादी जागा सोडवत नाहीय आणि तू ओढून नेतेस. ती रडली, मग हसली, मग डबा भरून दिला.

मिस्त्रीनं मागचीच्या दारावरही घंटा बसवली, मी तुझा नवा प्रोग्रॅम घातला. पॅनेलवर नऊ दिवे आले. काकांनी जवळ येऊन नववा दिवा बाहीनं पुसला. मी मागचीच्या दारावर पांढरा आकडा काढला. तुझ्या पत्रातला नऊ बघून काढला, तरी शेपूट वाकडी झालीच. मग नऊही खोल्यांत जाऊन बटणं दाबली, ढोल्या दार धरून उभा होता. नऊही वाजल्या.

जुनी घंटा पहिलीवर लावली. मिस्त्रीनं विचारलं, हिची वायर कुठं जोडू? मी म्हटलं, ताई म्हणते लागत नाही. तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला. काकांनी मात्र नुसती मान हलवली, जसं काही हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

अजून ती वाजलेली नाही. वाजायचं कारण पडलेलं नाही.

पण काल जेवणानंतर मागचीत जायची वेळ आली. ढोल्या पुढं गेला. मी पहिलीच्या दाराशी थांबलो. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हटलं, "जातो रे, शिट्ट्या. लक्ष असू दे." आणि एक श्वास थांबलो, पद्धतीप्रमाणे.

वळून बघतो तर मागं काका. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "जरा मोठ्यानं सांग. दार जाड आहे."

भिंगऱ्या